सुईची सवय

बंदरावर साहेबाने खोका उघडला
आणि बारा बेडकांकडे बघत राहिला.
फॉर्मवर दोनच चौकटी होत्या:
जिवंत प्राणी. प्राण्यांपासून बनवलेला माल.
पेन कानामागे खोचून मोडक्या हिंदीत म्हणाला,
मुनाफ, यांना लिहू काय?
म्हटलं, खेळणी लिहा.
तो हसला नाही. एक उचलून त्याने
पोटाचं झाकण काढलं, काळीज बाहेर ओढलं,
सोडलं. चुंबकाने ते टक्‌ करून जागेवर बसलं.
पुन्हा ओढलं. पुन्हा टक्‌.
मागे रांग वाढत होती.
शेवटी लिहिलं, शाळेचं सामान, आणि शिक्का मारला.

सोहारच्या प्रत्येक राउंडअबाऊटला
खोका सीटवरून घसरायचा,
मी एका हाताने धरून ठेवायचो.
फाटकावर खमीस वॉचमनने डोकावून पाहिलं.
पैसे देऊन आणले? आमच्या बागेतल्या फलजमध्ये
खरे आहेत, फुकट. पाठवू?
नको, म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

महाडच्या कॉलेजात सतरा वर्षं
मीच पुरवायचो.
सावित्रीच्या काठच्या डबक्यांत बॅटरी मारली
की डोळे चमकायचे, पळायचं विसरायचे.
डझनाला नऊ रुपये.
गोणपाट रात्रभर आतून हलायचं.
बायको म्हणायची, निदान पडवीत ठेवा,
त्यांचा श्वास ऐकू येतो.
सकाळी स्टॉक रजिस्टर:
आवक चाळीस, खर्च चाळीस, शिल्लक शून्य.

मानेच्या मागे एक खळगा असतो.
बोटाने डोकं खाली वाकवलं
की नखाला आपोआप सापडतो.
तिथे सुई. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.
पाय ताठ होतात, मग दोरीसारखे ढिले.
काळीज मात्र चालूच राहतं,
तेच तर पोरांना दाखवायचं असतं.
सरांचा हात कापायचा, म्हणून सुई माझ्याकडे.
हिशेब कोणी विचारला नाही.
इकडे येताना विमानात मीच करत बसलो,
मस्कत दिसेपर्यंत आकडा पाच अंकी झाला,
मग खिडकीतून समुद्र बघितला.

नववीच्या पोरांनी आधी बारसं उरकलं.
एक टोयोटा, एक कबसा,
एकाला त्यांच्या गणिताच्या सरांचं नाव.
फॉर्मलिनचा वास नाही, नाकाला रुमाल नाही,
कोणी रडत बाहेर गेलं नाही.
बिंदुजा मिस म्हणाल्या,
मुनाफभाई, धरायचा कसा ते दाखवा.
धरला.
नख आपलं आपण मानेमागे गेलं
आणि घसरलं.
खळगा नव्हता.
बनवणाऱ्याने सगळं दिलं होतं,
यकृताचे तीन भाग, पित्ताची हिरवी गोळी,
जिभेचं पुढून चिकटलेलं टोकसुद्धा,
एवढी एक जागा त्याला माहीत नव्हती.
किंवा माहीत होती.

काय झालं? मिसनी विचारलं.
काही नाही, नवा माल आहे,
हाताला सवय नाही.

सुटल्यावर मोजलं तर काळजं अकरा.
टेबलांखाली पाहिलं, सिंकमध्ये, कचऱ्यात.
रात्री खोलीवर जेवण गेलं नाही.
एका रबराच्या तुकड्यापायी, मी, ज्याने.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी एबिन आला,
मुठीत टिश्यूची पुरचुंडी.
अंकल, सॉरी, उशीखाली ठेवलं होतं.
वाजतं का ते ऐकायचं होतं.
वाजलं?
विचार करून म्हणाला, थोडंसं.
पण ते माझंच होतं.

नळाखाली धुतलं. टक्‌.
रजिस्टर काढलं.
आवक बारा.
खर्चाच्या रकान्यात पेन टेकलं
आणि तिथेच राहिलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला.
पहिली घंटा झाली.
त्या ठिपक्यावरूनच एक आडवी रेघ ओढली.
शिल्लक बारा.